राखीव भूलतज्ज्ञ

सदाशिव पेठ, पुणे
९ जून २०२३

चि. श्याम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पथकातून माझं नाव कमी कर, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. पण वाचशील, कारण त्या छावणीत संध्याकाळी तुला दुसरा उद्योग नसतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू 'ताई' म्हणतोस आणि मी विरघळते. चार वर्षांपूर्वी माझ्याच घरी श्रीखंड चापत 'वर्षातले दोनच महिने गं' म्हणालास आणि मी हो म्हणून बसले. तेव्हापासून ठरवलंय, तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं ते कागदावर. आपल्या दोघांच्या आया बहिणी-बहिणी असून आयुष्यभर पत्रंच लिहीत राहिल्या, त्यांना काहीतरी कळत असणार.

दोनच महिने. दहा महिने आपलं काम करायचं, दोन महिने गणवेश चढवून तुमच्या लष्कराच्या राखीव रुग्णालयात भूल द्यायची, आणि गरज पडली तर मध्येही जायचं. तुमच्याकडे येणाऱ्या सरकारी डॉक्टरांना हे जमतं, कारण परत आल्यावर त्यांची खुर्ची जागेवर असते. मला खुर्चीच नाही रे. मी स्कूटरला पेटी अडकवून चार छोट्या हॉस्पिटलांत फिरणारी बाई. सर्जन फोन करतात, मी जाते. फोन नाही केला तर नाही जात. आमच्या धंद्यात रजा नसते, बदली माणूस असतो.

मी तिकडे असते तेव्हा माझ्या केस सलोनी सांभाळते. आमच्यात एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. सांभाळायला घेतलेल्या केस मूळ माणूस आला की परत द्यायच्या. सलोनी माझ्याच हाताखाली शिकली, ती प्रामाणिकपणे देते. पण दोन महिन्यांत सर्जनला नव्या हाताची सवय होते, त्याला ती काय करणार? यंदा एप्रिलमध्ये परत आले तर कर्वेनगरच्या डॉ. सलिलची गुरुवारची यादी निम्मी झालेली. पुढच्या वर्षी उरलेली निम्मी जाईल.

तिथलं काम मला आवडतं, हे तुला ठाऊक आहे, म्हणून त्याचा फायदा घेऊ नकोस. तिथे भूल उतरली की पोरं माझं नाव विचारतात. इथे पेशंट सर्जनला पेढे देतो आणि मला विचारतो, 'सिस्टर, पाणी कधी प्यायचं?' पण मी आता सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि दरवर्षी नव्याने सुरुवात करायचा मला कंटाळा आलाय.

मावशीकडे रविवारी जाऊन आले. गुडघे दुखतात, तोंड ठणठणीत आहे.

तुझी,
उल्काताई


छावणी
२८ जून २०२३

ती. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. संध्याकाळी खरंच उद्योग नसतो.

ताई, तुझं म्हणणं पटतं आणि तरी मी नाव कमी करू शकत नाही. म्हणजे करू शकतो, पण हात होत नाही. गेल्या दोन वर्षांत तीन भूलतज्ज्ञ सोडून गेले. आता माझ्याकडे दोन सर्जन आहेत आणि भूल द्यायला एकटी तू. नवरदेव मांडवात आणि भटजी गायब, अशी अवस्था. तू गेलीस की वरचे म्हणतील, शस्त्रक्रिया होत नाही तर ही तुकडी ठेवायची कशाला? त्यांचंही चुकत नाही.

फेब्रुवारीत घाटात ट्रक उलटला तो दिवस आठव. विश्वजीतचा पाय जायचाच होता. मोठं रुग्णालय सहा तासांवर आणि रस्ता बंद. तू होतीस म्हणून सर्जनला हात लावता आला. तो परवा सुट्टीवरून आला, चालत. थोडा लंगडतो. म्हणाला, 'साहेब, पुण्याच्या डॉक्टरबाई या वर्षी येणार ना?' मी 'येणार' म्हणून बसलो. तुझंच रक्त.

माझी एकच विनंती आहे. तुझे मालक कोण कोण, त्यांची नावं आणि पत्ते मला कळव. राखीव सेवेत गेलेल्या माणसाला कामावरून काढता येत नाही, तसा कायदा आहे. आपण त्याचा आधार घेऊ. जानेवारीअखेर मुदतवाढीचा कागद भरायचा असतो, तोवर निर्णय घेऊ नकोस.

आईकडे जातेस, त्याचे उपकार कसे फेडू?

तुझा,
श्याम


सदाशिव पेठ
१४ जुलै २०२३

चि. श्याम यास आशीर्वाद.

मालक म्हणे. पंचवीस वर्षं मंगळसूत्र घालूनही आमोदला मी कधी मालक म्हटलं नाही, आणि तू एकदम चार मालक दिलेस.

तुमच्या फॉर्मात रकाना रिकामा ठेवता येत नसेल म्हणून नावं पाठवते आहे. पहिलं नाव डॉ. रामदास खाडिलकरांचं, ते इथलेच, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटं. दुसरा डॉ. सलिल. बाकी दोघांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत. यांतलं कुणीही मला कामावर ठेवलेलं नाही, त्यामुळे कुणी काढूही शकत नाही, हे तुझ्या वरिष्ठांना समजलं तर बघ. मी फारशी आशा धरत नाही.

विश्वजीतचं वाचून बरं वाटलं. त्याला म्हणावं, पायऱ्या उतरताना दुखरा पाय आधी टाक.

उल्काताई


छावणी
२१ ऑगस्ट २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

काम फत्ते. चौघांनाही पथकाच्या शिक्क्यानिशी रजिस्टर पोस्टाने पत्रं गेली. मसुदा मीच केला, मराठीत. तुला देशसेवेसाठी कोणत्याही क्षणी पाचारण होऊ शकतं, या काळात तुझं काम सुरक्षित ठेवणं बंधनकारक आहे, आणि कसूर झाल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते, असं ठणकावून लिहिलं. शेवटी त्यांच्या सहकार्याबद्दल आभारही मानले. साहेबांना मसुदा फार आवडला.

आता एक मनातलं. डॉक्टरांची संख्या या वर्षी टिकवून दाखवली तर साहेब माझी पुण्याला बदली सुचवणार आहेत. आई दर फोनवर 'मी बरी आहे' म्हणते आणि मग तुझ्याकडून कळतं की ती न्हाणीघरात घसरली होती. अकरा वर्षं मी तिला फक्त सुट्टीत पाहतोय. मलाही आता दमायला झालंय, ताई. हे कुणाला बोलत नाही, तुला लिहितो.

श्याम


सदाशिव पेठ
१२ ऑक्टोबर २०२३

चि. श्याम यास आशीर्वाद.

मुदतवाढीचा कागद भरून सोबत पाठवला आहे. आणखी तीन वर्षं. सही जिथे जिथे हवी तिथे केली आहे.

मन का बदललं असं विचारू नकोस. मला सध्या वेळ आहे.

मावशीच्या न्हाणीघरात पकडायला दांडी बसवून घेतली. तिने गवंड्याला तासभर अक्कल शिकवली.

उल्काताई


छावणी
६ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस सा. न. वि. वि.

दिवाळीच्या शुभेच्छा आणि त्याहून मोठी बातमी. तुझा कागद आला त्या दिवशी मी सगळ्या कचेरीला चहा पाजला. मला माहीत होतं तू येशील. तुला वेळ आहे म्हणालीस, म्हणजे सर्जन मंडळी सरळ झाली ना? शिक्क्याचा महिमा.

तुझ्यानंतर हीच पत्रं मी आपल्या पथकातल्या इतर खासगी डॉक्टरांच्या हॉस्पिटलांना पाठवली होती. ज्यांचं सोडायचं चाललं होतं त्यांतल्या नऊ जणांनी मुदतवाढीवर सही केली. नऊ, ताई. साहेब तर म्हणतात, हा मसुदा नमुना म्हणून वर पाठवू आणि देशभरच्या राखीव वैद्यकीय पथकांना वापरायला देऊ. महिनाअखेर तो जाईल. त्याच्या सोबत माझ्या बदलीची शिफारसही.

आईला अजून सांगू नकोस. मी स्वतः दारात उभा राहून सांगणार आहे.

श्याम


सदाशिव पेठ
१५ नोव्हेंबर २०२३

चि. श्याम,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तुझा मसुदा वर जाण्याआधी तुला मिळायला हवं. आधी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. तू बदलीचं लिहिलं होतंस आणि मावशी रोज दाराकडे बघत बसते, म्हणून गप्प बसले. पण आता तो कागद आणखी कितीतरी घरांत जाणार म्हणतोस, तेव्हा बोलणं भाग आहे.

तुझी पत्रं पोहोचली आणि माझा फोन बंद पडला.

म्हणजे फोन चालू होता, वाजत नव्हता. आधी वाटलं, श्रावण आहे, लोक ऑपरेशनं पुढे ढकलतात. मग गणपती आले, गेले. आमोद म्हणाला, 'अगं, फोन दुरुस्तीला टाक.' शेवटी सलोनी घरी आली. पोरगी रडायच्या बेतात होती. 'मॅम, आय स्वेअर, मी स्वतःहून काही नाही केलं. मी सगळ्या केसेस रिटर्न करते म्हटलं. पण सरच नको म्हणतात, त्यांना मिलिटरीकडून लेटर आलंय.' तेव्हा मला कळलं.

मी खाडिलकरांकडे गेले. त्यांनी तुझं पत्र पुढे ठेवलं. त्यांचा भाचा वकील आहे, त्याला दाखवलं होतं म्हणे. भाच्याने सल्ला दिला की कामावरून काढलं तर कायदा लागतो, पण मुळात बोलावलंच नाही तर काढण्याचा प्रश्न येत नाही. सल्ला बिनतोड आहे. खाडिलकर चष्मा पुसत म्हणाले, 'बाई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारशी कोण भांडणार?' बावीस वर्षं मी त्यांच्या पेशंटांना झोपवलंय आणि उठवलंय. मी जिना उतरले आणि खाली स्कूटरपाशी उभी राहून रडले. सदाशिव पेठेत भरदुपारी रडणं सोपं नाही, चार जण येऊन काय झालं विचारतात.

सध्या मी लोणी काळभोरला जाते, आठवड्यातून दोनदा. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात सिझेरियन असतात. परवा तिथे द्वारकाबाई म्हणून एक आजी सुनेला घेऊन आली होती. मला म्हणाली, 'पाठीत सुई देनाऱ्या बाई तुमीच का? मंग तुमी कुटं जाऊ नगा, पोरगी उठूस्तवर हितंच ऱ्हावा.' मी म्हटलं, कुठे जात नाही, मला कुठे जायचंच नाही. तिला ते बोलणं आश्वासक वाटलं.

म्हणून मुदतवाढीच्या कागदावर सही केली, श्याम. देशासाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. निदान दोन महिने तरी कुणी 'मॅडम, चला, केस आहे' म्हणून हाक मारेल म्हणून केली. तुझ्या नऊ जणांनी कशासाठी केली ते मला माहीत नाही. तू विचार त्यांना. एकच विचार, 'फोन वाजतो का?'

मला तुझा राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मला कळतं. तू माणसाला नोकरी असते असं धरून चाललास, कारण तुला कायम एक होती. बदली जाईल तुझी बहुतेक. त्याचं मला फार वाईट वाटतं.

उल्काताई


छावणी
८ डिसेंबर २०२३

ती. ताईस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊ जणांना एकेक करून फोन केला आणि तू सांगितलास तोच प्रश्न विचारला. सहा जणांचा फोन पत्र गेल्यापासून वाजलेला नाही. नाशिकचा एक हाडांचा डॉक्टर म्हणाला, 'कर्नलसाहेब, तुम्ही मला आता विचारताय?' तिघांच्या पक्क्या नोकऱ्या होत्या, त्यांचं ठीक चाललंय. पत्र लागू पडलं ते त्यांनाच.

मसुदा मागे घेतला. साहेब ऐकेनात. म्हणाले, 'आकडा वाढलाय ना?' मी म्हटलं, साहेब, वाढला, कारण आपण त्यांचं दुसरं दार बंद केलं. त्यांनी मसुदा परत दिला आणि म्हणाले, तुम्ही इथेच आणखी दोन वर्षं राहा. शिक्षा म्हणून म्हणाले की गरज म्हणून, ते विचारलं नाही.

ज्यांना जायचं असेल त्यांना मी जाऊ देणार आहे. तुझा ऑक्टोबरचा कागद मी पुढे पाठवलेला नाही, टेबलाच्या खणात आहे. तू एक शब्द लिही, तो रद्द होईल. तुकडीचं काय व्हायचं ते होईल. विश्वजीतला मी सांगेन.

दहा दिवसांची सुट्टी मिळाली आहे. आईकडे येतोय. तुझ्यासमोर यायची हिंमत होईल की नाही माहीत नाही. नाही आलो तर रागावू नकोस. मला माफ कर, ताई. याहून चांगलं लिहिता येत नाही.

श्याम


सदाशिव पेठ
१ जानेवारी २०२४

चि. श्याम यास,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात दहा दिवस राहिलास आणि माझ्या घराकडे फिरकला नाहीस. मावशीला म्हणे 'जरा पाय मोकळे करून येतो' सांगून रोज सकाळी बाहेर पडायचास. तुझे पाय कुठे मोकळे झाले ते मला खाडिलकरांकडून कळलं.

शनिवारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, तक्रार केल्यासारखा. 'बाई, तुमचे ते बंधू येऊन गेले. साध्या कपड्यांत. बाहेर चपला काढून आत आले. म्हणाले, चूक माझी, बाईंना पत्रात काय लिहिलंय ते ठाऊकही नव्हतं. मी म्हटलं, अहो, कोणत्याही क्षणी म्हणून लिहिलंत. आमचा पेशंट टेबलावर असताना तो क्षण आला असता तर आम्ही काय करायचं होतं? ते म्हणाले, तसं कधी होत नाही. मी म्हटलं, मग लिहिलंत कशाला? तर म्हणाले, तेच मीही स्वतःला विचारतोय. आता असं म्हणणारा सरकारी माणूस मी जन्मात पाहिला नाही. चहा दिला त्यांना.'

श्याम, खाडिलकर चहा देत नाहीत. बावीस वर्षं मी तिथे घरूनच पिऊन जाते.

मग त्यांनी विचारलं, 'मंगळवारी सकाळी आठ वाजता हर्निया आहे. मोकळ्या आहात का?' मी हो म्हणणार तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. 'आणि फेब्रुवारीत ते प्रकरण नाही ना आता?'

तुला खरं सांगते, माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. नाव कमी कर, एवढं तुला लिहायचं की सगळं पूर्ववत. मी खुर्चीत बसले. विश्वजीतचा पाय, द्वारकाबाई, मावशी, कुणाकुणाचा विचार केला, पण शेवटी माझाच केला. चार वर्षं मी फेब्रुवारी आला की हळूच नाहीशी व्हायचे. सर्जनना सलोनीचा नंबर मेसेज करायचा आणि चोरासारखं निघून जायचं, कारण विचारलं तर ते नाही म्हणतील अशी भीती होती. समोर बसून कधी सांगितलंच नाही. मग तू शिक्का मारून सांगितलंस.

म्हणून मी म्हटलं, 'आहे. फेब्रुवारी, मार्च मी नसेन. तेव्हा सलोनी येईल. एप्रिलमध्ये मी परत आले की तुमच्या केस मला परत हव्यात. तिच्या बाजूने ती देईल. तुम्हीही द्यायला हव्यात.' पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, 'ती मुलगी बरी आहे कामाला, पण बोलते फार. आल्यावर कळवा. मंगळवारी आठ, उशीर नको.'

सगळं जमलं असं समजू नकोस. चौघांपैकी खाडिलकर आणि आणखी एक, एवढेच परत आले. सलिलने गोड बोलून टाळलं. लोणी काळभोर चालूच ठेवणार आहे, आता तिथे दवाखान्यात शिरले की बायका वाट देतात. थकवा गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण एक काम कर. तुमच्या लोकांना विचार, दोन महिने सलग घेण्याऐवजी पंधरा-पंधरा दिवस चारदा घेता येतील का? पंधरा दिवसांत बदली माणूस पाहुणाच राहतो, दोन महिन्यांत घरचा होतो. नाही म्हणतीलच. तरी विचार.

मावशी रोज विचारते, 'श्याम परत कधी?' मी तिला तुझ्या बदलीचं काही सांगितलेलं नाही. ते तूच दारात उभा राहून सांग, दोन वर्षांनी का होईना. तोवर मी आहे.

ऑक्टोबरचा तो कागद खणातून काढ आणि फाडून टाक. तो मी भरला होता तेव्हा घरात फोन मुका होऊन पडला होता, आणि असल्या कागदावरची सही मला तुझ्याकडे नको आहे. सोबत नवा पाठवते आहे. हा आज सकाळी भरायला घेतला तर फोन दोनदा वाजला. वाजू दिला. आधी सही केली, मग उचलला.

तुझी,
उल्काताई